तांबडीचा कौल

बाबा, गेल्या महिन्यात मी तुमच्या देवळात कौल लावायला गेले होते. हो, मीच. हे ऐकून तुम्ही हातातला तांब्या खाली ठेवला असता आणि माझ्याकडे न बघता म्हटलं असतं, "बस. आधी पाणी पी." पाणी प्यायले. देवळाच्या त्याच विहिरीचं. पण डोकं काही थंड झालं नाही, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की गावातल्या नव्या मुलांना मी कोणाची मुलगी ते सांगावं लागतं. उत्तराची मला आशा नाही, ते तुम्ही जिवंतपणीही दिलं नाहीत. पण आजवर ज्या ज्या व्यासपीठावर उभी राहिले तिथे आपण कोणावर चिडलो आहोत हे मला पक्कं ठाऊक असायचं. या खेपेला ते कळत नाही, आणि त्याची मला सवय नाही.

हल्ली मी काय करते ते आधी सांगते. शाळेतून निवृत्त झाले, भाषणं काही सुटली नाहीत. ग्रामसभेत मी उभी राहिले की सरपंच अजून घड्याळ बघतो. शिवाय मी कुत्र्यांना घरं शोधते. बाजाराच्या दिवशी डिचोलीत आम्ही दोघी-तिघी केळ्यांच्या खोक्यात पिल्लं घेऊन बसतो. काही गटारातून काढलेली, काही बंद खाणीच्या फाटकाशी कोणीतरी पोत्यात घालून सोडलेली. माणसं येतात, खोक्यात वाकून बघतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादलो आसा?" नर हवा. मादी कोणाला नको. मग रंग विचारतात, खाते काय विचारतात, रात्री रडते का विचारतात. मी म्हणते, अहो, स्थळ बघायला आलात की कुत्रं न्यायला? एकाने मादी पिल्लू उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "ही चाबता?" मी म्हटलं, "अजून तरी नाही. तुम्ही?" बाजूची नारळवाली इतकी हसली की तो बिचारा लाजून ते पिल्लू घेऊनच गेला. अजून आहे त्याच्याकडे, चांगलं गुबगुबीत झालं आहे.

पिल्लांचं त्या मानाने सोपं असतं, ती दुसऱ्या दिवशी नव्या अंगणात शेपटी हलवतात. जड जातात ती मोठी कुत्री. घरातली माणसं परदेशी जातात, दाराला कुलूप लागतं, आणि कुत्रं त्या कुलपासमोर बसून राहतं. शेजारी चार दिवस भात घालतात, मग विसरतात. अशी दोन-तीन कुत्री लागोपाठ बघितल्यावर मी एका बाजारी नारळवालीच्या स्टुलावर चढले आणि बोलले. "घर बंद करताना तुम्ही भांडी मोजून ठेवता, देव बरोबर नेता, आणि ज्याने दहा वर्षं तुमचा उंबरा राखला त्याला रस्त्यावर ठेवता? मग आम्ही घर सोडलं असं सांगू नका. घरातलं माणूस टाकून आलो असं सांगा." टाळ्या पडल्या. माझा आवाज तुम्हाला ठाऊक आहे, पार बसथांब्यापर्यंत गेला असणार. भाजीची पिशवी घेतलेली एक म्हातारी बाई गर्दीच्या कडेला उभी होती. मी तिला बघितलं, ओळखलं नाही.

काही महिन्यांनी एका माणसाचा फोन आला. डिचोलीचा. पूर्वी त्याचा खनिजाचा ट्रक होता, खाणी बंद पडल्या तसा विकला. आता पोर्तुगीज पासपोर्ट झाला आहे, बायकोमुलांना आणि आईला घेऊन तो आयर्लंडला चालला आहे. घरात एक कुत्री आहे, तिच्यासाठी घर बघाल का? मी त्याला सुनावायच्या तयारीनेच गेले. पण त्याने मला अंगणात खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला, आणि बोलताना सारखा त्या कुत्रीच्या डोक्यावरून हात फिरवत होता. खाण बंद पडायच्या शेवटच्या दिवसांत ती त्याला ट्रकच्या चाकाखाली सापडली होती. धुळीने लाल झालेली. घरी आणून आंघोळ घातली तर पाणी लालभडक गेलं, आणि तरीही पिल्लू लालच राहिलं. म्हणून तांबडी. आता ती आठ-नऊ वर्षांची आहे, तोंडाशी पांढरी झाली आहे. अशा माणसाला काय सुनावणार?

मग त्याची आई चहा घेऊन बाहेर आली आणि मला बघून म्हणाली, "गुरवाचा चेडू मां गो तू?" तुमची मुलगी म्हणून तिने मला बरोबर ओळखलं. आपल्या गावची लेक, बाबा. लग्न होऊन डिचोलीला आलेली. तुम्हाला ती दादा म्हणायची, म्हणजे माझी आत्याच. पोर्तुगीज राजवटीत जन्मली, आणि तिच्याच जन्माच्या जोरावर तिच्या मुलाला तो पासपोर्ट मिळाला. पंचाहत्तरीला आली आहे, गुडघे गेले आहेत, पण नजर तीक्ष्ण. माझ्याशी बोलता बोलता पोदेराने सकाळी दिलेला पाव चहात बुडवून तांबडीला भरवत होती, एक घास तिला, एक स्वतःला. मुलगा म्हणाला, "आये, डॉक्टरान सांगलां तिका साखर दिवपाची न्हय." ती म्हणाली, "डॉक्टरान माकाय सांगलाहा."

मी झपाटून कामाला लागले. आठ-नऊ वर्षांच्या मादीला घर मिळणं म्हणजे काय असतं ते मला विचारा. पण मिळालं. पार्शात एक कुटुंब आहे, काजूची बाग, माड, मोठं अंगण. त्यांचा जुना कुत्रा सर्पदंशाने गेला होता. मी दोनदा जाऊन बघून आले. घरातली बाई म्हणाली, "म्हातारी असली म्हणून काय झालां? आमची सासूय म्हातारीच असा." इतकं चांगलं घर मी कोणाही पिल्लाला देऊ शकले नव्हते. मी आनंदाने डिचोलीला गेले आणि आत्याला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरां असा. पण देवीक इचारूया. उजवी दिली तर धाडूया."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. देवीच्या अंगावरची उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही, आणि त्यावर कुत्री कुठे राहील ते ठरणार? मी तिथेच, चहाचा कप हातात धरून, अर्धं भाषण केलं. आत्या ऐकत होती, तांबडी ऐकत होती, मुलगा मान हलवत होता. संपल्यावर आत्या म्हणाली, "बापाशीसारखीच बोलतंस. तोय गाराणां घाली तेव्हा खांब हलत." आणि वर, "सोमवारी जाऊया."

तुमच्याशी मी याच गोष्टीवरून आयुष्यभर भांडले. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसलेले असता, समोर पेज आणि सुकं बांगड्याचं, आई चुलीशी, आणि मी दारात पुस्तक हातात घेऊन उभी. "बाबा, वली पाकळी धरून रवता आणि सुकी पडता. हेतूंत देव खंय इलो?" तुम्ही पेजेत मीठ घालता. "तुमी मुद्दाम पाडतास काय कधी?" तुम्ही आणखी मीठ घालता. आई म्हणते, "जेवंक दी गो तेका." एवढंच. नाही म्हटलं नाहीत कधी, हो म्हटलं नाहीत. मग कॉलेजात असताना मी देवळाच्याच मांडवात, गणपतीतल्या कार्यक्रमात, कौलाविरुद्ध बोलले. लोक माझ्याकडे कमी आणि तुमच्याकडे जास्त बघत होते. त्या दिवशी घरी आल्यावर मात्र तुम्ही बोललात. आवाज चढवला नाहीत. म्हणालात, "चांगली बोललंस. वरच्या वाड्यावरची ती बाय समोर बसलेली, तिका बघलंस?" तिने लेकीला सासरी परत पाठवू की नको म्हणून कौल लावला होता, डावी पडली होती, आणि दीर-भावांसमोर तिने देवीचं नाव पुढे करून लेक घरी ठेवून घेतली होती. "आता ती तेंका काय सांगतली?" तुम्ही विचारलंत आणि हात धुवायला गेलात.

मी त्यावर निरुत्तर झाले असं समजू नका. मला त्याच वेळी ती दुसरीही आठवत होती, पाणंदीकडची. तिच्या लेकीला उजवी पडली. ती मुलगी परत गेली आणि हाडांचा सापळा होऊन आली. तिच्या वेळी देवी कुठे होती? तिच्या वेळी तुमची बोटं कुठे होती? हे मी तुम्हाला तेव्हा विचारायला हवं होतं आणि विचारलंही, पण तुम्ही विहिरीवर होता आणि रहाट करकरत होता. ऐकलंत की नाही ते मला आजही ठाऊक नाही.

सोमवारी आम्ही गेलो. मुलाने गाडी काढली. आत्या पुढे, मागे मी आणि तांबडी, तिचं तोंड माझ्या मांडीवर. देवळासमोरचा पिंपळ तोडला आहे, बाबा, तिथे आता पेव्हर घातले आहेत. पूजेला माझा चुलतभाऊ असतो, तुम्ही ज्याला हाताशी धरून शिकवलंत तो. आता त्याचंही पोट सुटलं आहे. आत्या खांबाला टेकून बसली. तांबडीला बाहेर तुळशीजवळ बांधलं. भावाने तबकात पिटकोळीची लाल फुलं घेतली, पाकळ्या पाण्यात टाकल्या, आणि मला बाजूला बोलावून कुजबुजला, "ताये, खंयची वली ठेवू?"

म्हणजे कुठली पाकळी ओली ठेवून चिकटवायची आणि कुठली पाडायची. इतकी वर्षं जे मी माइकवरून ओरडत होते ते हा मला बाजारात कोथिंबीर निवडावी तसं विचारत होता. मी तिथेच मागे वळून सगळ्यांसमोर बोलायला हवं होतं. माझी सगळी भाषणं त्या एका वाक्याची वाट बघत होती. पण बाहेर तांबडी कुंईकुंई करत होती, पार्शातली बाई अंगणात गोणपाट घालून तयार होती, आणि विमान पुढच्याच आठवड्यात होतं. मी म्हटलं, "उजवी पडूंक व्हयी." त्याने मान हलवली. त्यात त्याला काही विशेष वाटल्याचं दिसलं नाही.

मग त्याने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, तुमच्याच चालीवर, फक्त घाईघाईने. "बा देवी, ही तुजी लेक, दुसऱ्याच्या घरात दिलेली, तुज्या पायाकडे इली असा. तिच्या दारातलां मुकां जनावर दुसऱ्या दारात धाडूंक सांगतंस तर उजवी दी, नको तर डावी दी." आम्ही बसलो. मी उजव्या पाकळीकडे बघत होते. तिचं टोक सुटलेलं मला स्पष्ट दिसत होतं, खाली लोंबत होती. आता पडेल. आता. आणि डावी पडली. पटकन, कोणी उचलून ठेवावी तशी, देवीच्या पायाशी. उजवी तशीच लोंबत राहिली.

आत्याने हात जोडले, कपाळ जमिनीला लावलं, आणि खांबाला धरून उठली. गुडघ्यांचं नावही काढलं नाही. मुलाला म्हणाली, "देवी नाय म्हणता." तो म्हणाला, "ठीक आसा आये, दुसरें घर सोदूया." ती म्हणाली, "दुसरां कशाक? घर असा मां तिका." आणि मग, बाबा, चपला घालता घालता, जणू बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशी म्हणाली, "तुमी जावा. मी रवतंय."

तो संपूर्ण रस्ता आम्ही कसे परत आलो ते विचारू नका. मुलगा सुरुवातीला हसला, मग विनवण्या करू लागला, मग एका वळणावर गाडी थांबवून खाली उतरला आणि रस्त्याच्या कडेला पाठ करून उभा राहिला. आत्या मागे वळून मला म्हणाली, "तूच सांगलंस मां गो चेडवा, त्या दिवशी बाजारात. उंबरो राखलो तेका टाकून जाता तो घरातल्या माणसाक टाकता. माका ता पटलां." मी म्हटलं, "आत्ये, ते मी... ते तरण्या लोकांना उद्देशून होतं." ती म्हणाली, "तसां काय सांगूंक नाय तू."

घरी पोचल्यावर मुलगा माझ्यावर फुटला. "मॅडम, तुमकां सुण्याक घर सोदूंक सांगिल्लें. म्हजे आवयक हांगां एकटी दवरूंक न्हय!" तो चुकीचं काय बोलला? त्याच्या लेखी मी एका कुत्रीपायी त्याची आई त्याच्यापासून तोडली. आणि आत्याकडे बघावं तर ती ओट्यावर पाय पसरून बसलेली, तांबडीच्या कानातली गोचीड काढत होती. सुटल्यासारखी. आठवडाभराने तो बायकोमुलांना घेऊन गेला. निघताना आईच्या पाया पडला, आणि मग खाली बसून तांबडीच्या गळ्यात डोकं घालून रडला. माझ्याशी बोलला नाही.

मी भावाला गाठलं. "अरे, काय केलंस तू?" तो म्हणाला, "तू सांगलंस तशीच लायली. देवीची शपथ." मी विचारलं, आत्याने आदल्या दिवशी तुला फोन केला होता का? तो स्कूटरला किक मारत होता. म्हणाला, "फोन सगळेच करतत ताये. देवूळ ता." मग मी जे तुम्हाला विचारत आले ते त्याला विचारलं. बाबा मुद्दाम पाडायचे का? त्याने किक मारायची थांबवली. "काकान माका लावूंक शिकयली," तो म्हणाला. "पाडूंक नाय शिकयली." आणि गेला. आता याचा मी काय अर्थ लावू? त्याने मला फसवलं असेल तर कोणाच्या बाजूने फसवलं? नसेल, तर पंख्याचा वारा होता, पाकळी जड होती, मी शंभर कारणं देऊ शकते आणि सगळी खरी आहेत. पण कौल लबाडी आहे असं सांगणाऱ्या बाईने लबाडी करायला सांगितली आणि तीही जमली नाही, या गोष्टीचं मी कुठल्या व्यासपीठावर काय करू? आत्याला नाही म्हणायचं होतं. मुलाला तोंडावर नाही म्हणायला तिला जमत नव्हतं. ती पाकळी नसती तर ती आज आयर्लंडमध्ये कुठल्याशा खिडकीशी बसली असती आणि तांबडी पार्शाच्या अंगणात. ते वाईट झालं असतं का? तेही मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. तिचे गुडघे असे, घरात दुसरं कोणी नाही. तिला काही झालं तर मी पुन्हा त्याच बाजारात उभी राहणार, म्हातारी झालेली, दोनदा घर गेलेली मादी घेऊन. पार्शातल्या बाईंनी वाट बघून शेवटी खोक्यातलं एक काळं पिल्लू नेलं. त्यांचा दोष नाही.

त्या बाजारच्या भाषणाचंही मला कळत नाही. मी एक शब्द खोटा बोलले नव्हते. आजही तेच म्हणेन. पण गेले काही आठवडे स्टुलावर चढले की गर्दीच्या कडेला कोण उभं आहे ते आधी बघते, आणि मग वाक्य अर्ध्यावर राहतं. नारळवाली म्हणते, "बाय, आज आवाज बसला?"

तुम्हाला आठवतं का, मी लहान असताना संध्याकाळची दिवाबत्ती झाली की तुम्ही मला घेऊन घरी निघायचात. शेताच्या बांधावरून पाच मिनिटांत घर. पण तुम्ही वरच्या वाड्यावरून, पाणंदीकडून वळसा घालून जायचात. प्रत्येक वेळी देवळात कौल लावून गेलेल्या वेगळ्या कोणाच्यातरी बेड्याशी, अंगणाच्या फाटकाशी, थांबायचात. "वायच सुपारी असा काय गो?" असं विचारायचात आणि उत्तर येईपर्यंत अंगणात बघत राहायचात. मला भूक लागलेली असायची. मी विचारायची, बाबा, जवळच्या वाटेने का नाही? तुम्ही म्हणायचात, "थंय चिखल असा." चैत्रातसुद्धा. मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही म्हापशाहून जाड तळाच्या चपला आणून दिल्यात आणि म्हणालात, "भाषणां करूंची तर चलूंक व्हया." मला वाटलं, लांबलांबच्या सभांबद्दल बोलताय.

हे पत्र कुठे ठेवायचं ते ठरवलेलं नाही. देवळात नेणार नाही, तेवढं मात्र नक्की. काल बाजार उठल्यावर रिकामं खोकं घेऊन आम्ही निघालो, तर बरोबरच्या मुलीने विचारलं, मॅडम, आपण दर खेपेला या बाजूने का जातो, हे तर उलट पडतं. गाडी तेव्हा आत्याच्या दारासमोर आली होती. ओट्यावर दोघी बसल्या होत्या, तांबडीने मान उचलून बघितली. मी खाली उतरून पाणी मागितलं, आत्या आत गेली, आणि तिचा चालण्याचा आवाज ऐकत मी उभी राहिले. मुलीला मी सांगितलं की त्या बाजूचा रस्ता खोदला आहे. खोदलेला नाही.